फिरत्या घराची जमीन

फिरत्या घराच्या जमिनीला दोन बाजू असतात आणि दोन्हींची कामे वेगळी असतात. वरच्या बाजूने ती घर असते: तिच्यावर माणसे वावरतात, जेवतात, झोपतात. खालच्या बाजूने ती वाहन असते: चाकांनी उडवलेला चिखल, रस्त्यावरची खडी, तापल्या डांबराची आच आणि खड्ड्याखड्ड्याला पिळवटणारी चासी तिला सोसावी लागते. स्वतः ट्रेलर बांधणाऱ्याचे लक्ष बहुधा वरच्या, दिसणाऱ्या थरावर असते. दुकानातून नमुने येतात, रंग ठरतो आणि खाली काय घालायचे ते वेल्डरवर सोडले जाते. जमीन मात्र खालून वर अशीच ठरवावी लागते, कारण ती खराब होते तेव्हाही खालूनच होते.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे गाव. या प्रकरणातील हिशेब अशा गावातल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बांधल्या जाणाऱ्या १० बाय ६ फुटांच्या ट्रेलरसाठी केले आहेत. त्याला कारण आहे. परदेशी पुस्तकांतील सल्ला थंड, ओल्या हवामानासाठी आणि घरात बूट घालून वावरणाऱ्या माणसांसाठी लिहिलेला असतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पावसाळ्यात काळी माती चाकाला लादीसारखी चिकटते आणि हिवाळ्यात एखाद्या रात्री थंडी ५ अंशांच्याही खाली उतरते. शिवाय मराठी घरात चपला दाराबाहेर राहतात. जमीन हीच बैठक, तीच पंगत आणि बऱ्याचदा तीच अंथरूण घालायची जागा. म्हणून इथे जमिनीवर जरा जास्त खर्च करणे आणि खाटा-बाकड्यांवर कमी करणे हिशेबाचे ठरते.

घर घेऊन प्रवास करण्याची रीत या भागाला नवी नाही. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. अशा यात्रांना आसपासच्या गावांतली माणसे बैलगाडीने जात, चार-पाच दिवस गाडीतच किंवा गाडीखाली मुक्काम करत. माणसांच्या प्रवासाची हलकी, छत घातलेली दमणी ही तर ट्रेलरची थेट पूर्वजच. तिच्या तळाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. साट्यावर फळ्या किंवा बांबू बसवत, पण घट्ट नव्हे. मधे फटी राहत. त्यावर बुरडाने विणलेला तट्टा, तट्ट्यावर ज्वारीच्या कडब्याचा जाड थर आणि सगळ्यात वर घोंगडी किंवा गोधडी. फळ्या वजन पेलत, फटींतून पाणी आणि धूळ गळून जाई, कडब्यात अडकलेली हवा खालची थंडी आणि धक्के अडवी, आणि गोधडी अंगाला लागे. म्हणजे भार घेणारा थर, उष्णता अडवणारा थर आणि अंगाला लागणारा थर असे तीन थर आणि खाली पाणी निघून जाण्याची सोय. मुक्काम संपला की कडबा बैलांच्या पोटात जाई, आणि पुढच्या खेपेला जमीन नवी होई. आजच्या ट्रेलरला शेवटची सवलत नाही. बाकीचे सगळे तत्त्व तसेच लागू पडते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत हीच रीत अजून दिसते. ट्रॉलीचा तळ जाड पोलादी पत्र्याचा, कारण तो ऊस, खत आणि मुरूम वाहण्यासाठी केलेला असतो. त्यावर कडबा किंवा वाढे पसरून, ताडपत्री टाकून संसार चढतो. पोलादी पत्रा माणसांसाठी किती गैरसोयीचा आहे हे त्या प्रवासात कळते: थंडीत गार, उन्हात चटका देणारा, आणि रस्ताभर ढोलासारखा वाजणारा. तरीही घरगुती ट्रेलर बांधणारे पहिल्यांदा त्याच पत्र्याकडे वळतात, कारण तो ओळखीचा असतो आणि वेल्डिंगने दोन तासांत बसतो.

बस आणि रेल्वेच्या डब्यांनी हा प्रश्न फार आधी हाताळला आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. तिचा सांगाडा लाकडी होता. पुढे महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत ॲल्युमिनियमच्या बॉडी बांधल्या जाऊ लागल्या, आणि गेल्या दशकात त्यांची जागा पोलादी सांगाड्यांनी घेतली. मधल्या वाटेवरचा उठावदार नक्षीचा ॲल्युमिनियम पत्रा मराठवाड्यातल्या प्रत्येक प्रवाशाच्या पायाला ओळखीचा आहे. तो हलका, न गंजणारा आणि ओल्या चपलेखाली न घसरणारा आहे. पण त्यावर कुणी मांडी घालून जेवायला बसत नाही, आणि हा फरक ट्रेलरच्या बाबतीत मोठा आहे.

चुडावा स्थानकावरून जाणाऱ्या जुन्या धाटणीच्या डब्यांची जमीन आणखी शिकवणारी आहे. चेन्नईतल्या पेरांबूर कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत हजारोंनी बांधले गेलेले हे डबे. त्यांच्या तळाशी लाटांसारखा मुडपलेला पोलादी पत्रा असतो. मुडपल्यामुळे पातळ पत्राही ताठ राहतो. त्यावर राळेत दाबून घट्ट केलेल्या लाकडाचे तक्ते, ज्यांना कॉम्प्रेग म्हणतात, आणि त्यावर पीव्हीसीचा चिकटवलेला थर. इतकी विचारपूर्वक केलेली जमीनही एका ठरावीक ठिकाणी हमखास गंजते: संडासाच्या आणि दाराच्या आसपास. वरून ओतलेले पाणी सांध्यातून खाली उतरते, मुडपलेल्या पत्र्याच्या खळग्यांत साचते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. डब्यांच्या नियतकालिक दुरुस्तीत हा गंजलेला पत्रा कापून बदलणे हे नेहमीचे काम असे. पत्र्याची जाडी वाढवून हा प्रश्न सुटत नाही. पाणी शिरू नये आणि शिरलेच तर थांबू नये, एवढ्यावरच जमिनीचे आयुष्य ठरते.

अमेरिकेतही तेच घडले. १९३० च्या दशकापासून बनत आलेल्या एअरस्ट्रीम कंपनीच्या चकचकीत ॲल्युमिनियम ट्रेलरचे कवच पन्नास-साठ वर्षांनीही शाबूत सापडते, पण आतली प्लायवूडची जमीन मागच्या बाजूला कुजलेली असते. मागच्या सांध्यातून पावसाचे पाणी प्लायच्या कडेत मुरते, प्लाय भुसभुशीत होते आणि कवच चासीपासून सुटू लागते. जुने ट्रेलर दुरुस्त करणाऱ्यांचे निम्मे आयुष्य तिथली जमीन उपटण्यात जाते, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता वजन. १० बाय ६ फूट म्हणजे ६० चौरस फूट, सुमारे ५.६ चौरस मीटर. पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलो, म्हणून ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो, आणि पूर्ण तळाचे १३० किलोंच्या वर. चेकर पत्रा घेतला तर उठावाच्या नक्षीमुळे त्यात आणखी भर. तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला ८ किलो, पूर्ण तळाला ४५ किलो. १२ मिलिमीटरचे चांगले प्लाय चौरस मीटरला साधारण साडेआठ किलो, म्हणजे तळाला ४७ किलोंच्या आसपास. १८ मिलिमीटरचे ७० किलो. सिमेंट मिसळलेला लाकडी भुशाचा बोर्ड १२ मिलिमीटरलाच चौरस मीटरला १५ किलो भरतो. घरात शोभते म्हणून ट्रेलरमध्ये शहाबादी फरशी घालायची हौस कुणाला झालीच, तर २० मिलिमीटरच्या फरशीचे वजन एकट्या तळाला २९० किलोंच्या घरात जाईल. सिरॅमिक टाइल त्याहून हलकी, तरीही शंभर किलोंच्या पुढे, आणि ती चासीच्या पहिल्या पिळाला तडकते. दगड आणि टाइल या दोन्हींचा विचार इथेच संपतो.

ट्रेलर कोण ओढणार यावर या आकड्यांचे महत्त्व ठरते. जीप किंवा मोटारीमागे ओढायचा असेल तर शंभर किलोंचा फरक ब्रेकला, इंधनाला आणि घाटातल्या चढाला जाणवतो. ट्रॅक्टरमागे ओढायचा असेल तर वजनाची चिंता कमी, पण धक्के फार. ट्रॉलीचे पाटे टनभर मालासाठी कडक केलेले असतात. रिकाम्या किंवा हलक्या ट्रेलरखाली ते दबतच नाहीत, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट जमिनीच्या स्क्रूंवर येतो. अशा ट्रेलरला नुसते स्क्रू पुरत नाहीत. ठरावीक अंतरावर आरपार बोल्ट लागतात.

चासीला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. शेतीच्या कामासाठी नोंदवलेली ट्रॉली राहते घर झाली, तर प्रश्न जमिनीचा राहत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या विषयाची चर्चा वाढली आहे. नोंदणीची अट त्यामुळे टळत नाही.

भार घेणाऱ्या थरासाठी घरगुती बांधणीत प्लायला तोड नाही. ते कापायला सोपे, पायाला उबदार, आवाज गिळणारे आणि वजनाच्या मानाने ताठ असते. पण प्लाय म्हणून दुकानात जे मिळते त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कपाटासाठी विकले जाणारे साधे एमआर प्लाय ओलावा सहन करते, पाणी नव्हे. बीडब्ल्यूआर प्रतीचे ८ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० मानकाचे, ७२ तास उकळल्यावरही त्याचे पदर सुटता कामा नयेत, आणि त्यातील लाकडावर कीड व बुरशी रोखणारी प्रक्रिया झालेली असावी लागते. तळासाठी याखेरीज दुसरे घेऊ नये. तक्त्यावर ७१० हा आकडा छापलेला असला तरी खात्री करून घेणे बरे. तक्त्याचा वीतभर तुकडा भगुल्यात घालून दिवसभर उकळावा. सुकल्यावर पदर फुगले किंवा चाकूचे पाते पदरांत सहज शिरले, तर तो तक्ता छापील आकड्यासह परत करावा.

प्लाय पाण्याने कुजते ते पृष्ठभागातून क्वचित, कडेतून जवळजवळ नेहमी. कापलेल्या कडेला पदरांची टोके उघडी असतात आणि ती नळीसारखे पाणी ओढतात. म्हणून तक्ते मापात कापून, सगळी भोके पाडून, मगच कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. पहिला हात पातळ, म्हणजे तो आत मुरतो. इपॉक्सी महाग वाटत असेल तर निदान दोन घटकांचा पीयू रंग वापरावा. बोल्टचे प्रत्येक भोक ही नवी कड असते. ते मापापेक्षा मोठे पाडून इपॉक्सीने बुजवावे आणि सुकल्यावर त्यातूनच मापाचे भोक पाडावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि जमिनीचे निम्मे आयुष्य त्यावरच अवलंबून आहे. खालच्या बाजूला दोन हात रंग किंवा डांबरी लेप पुरतो, पण तिथे प्लास्टिकचा कागद ताणून लावू नये. बाहेरचे पाणी अडवण्यासाठी लावलेला कागद आत शिरलेले पाणी कोंडून ठेवतो, आणि मग प्लाय सुकतच नाही. दमणीच्या फटी जे काम करत होत्या त्याच्या बरोबर उलट काम हा कागद करतो.

जाडी आणि खालच्या आडव्या पाइपांमधील अंतर यांचा मेळ घालावा लागतो. तक्त्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १८ मिलिमीटरचे प्लाय १२ च्या दीडपट जाड असले तरी जवळपास साडेतीनपट ताठ असते, आणि आधारांमधील अंतर वाढले तर बाक तितक्याच झपाट्याने वाढतो. म्हणून पाइप फूटभर अंतरावर घेऊन १२ मिलिमीटर वापरावे, किंवा दोन फुटांवर घेऊन १८ मिलिमीटर. जिथे जमिनीवर माणसे बसणार, लहान मुले उड्या मारणार आणि जड ट्रंका ओढल्या जाणार, तिथे पहिली रचना बरी. तिच्यात पाइपांचे काही किलो वाढतात, पण दणके जास्त ठिकाणी वाटले जातात. वरच्या पदराचे रेषे पाइपांना आडवे जायला हवेत. ते पाइपांना समांतर गेले तर तक्ता बराच लवचिक होतो. ८ बाय ४ चे दोन तक्ते ६० चौरस फुटांना पुरतात, रेषे लांबीच्या दिशेला ठेवूनही. मात्र प्रत्येक सांधा पाइपावरच यायला हवा, हवेत नको. चार फुटांच्या रेषेवर लांबीला एक जादा पाइप घालावा लागतो तो त्यासाठी.

प्लायला पर्याय म्हणून अलीकडे डब्ल्यूपीसी आणि पीव्हीसी फोमचे तक्ते सुचवले जातात. ते कुजत नाहीत आणि त्यांना वाळवी लागत नाही, हे खरे. पण प्लायच्या तुलनेत ते लेचेपेचे असतात आणि उष्णतेने मऊ पडतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या बंद ट्रेलरमध्ये तापमान सहज ५५–६० अंशांवर जाते. कपाटाखाली सततचा भार असेल तर असा तक्ता तिथे कायमचा बाक धरतो. भिंतीला किंवा मोरीच्या आडोशाला तो चालेल, तळाला नको. बांबूच्या चटया राळेत दाबून केलेला बोर्ड हा जास्त विचार करण्याजोगा पर्याय आहे. त्याचे मानक आयएस १३९५८ हे आहे आणि तो मजबूतही असतो. तालुक्याच्या दुकानात तो मिळणे मात्र कठीण.

तळ पोलादी पत्र्याचाच करायचा हट्ट असेल तर त्याची जागा दाराजवळचा पट्टा, पायरी आणि चाकांवरचा भाग एवढीच ठेवावी. ॲल्युमिनियमचा पत्रा प्लायवर दाराशी आणि स्वयंपाकाच्या जागी उत्तम काम देतो. त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्या लागतात. तो पोलादाला थेट टेकला आणि मधे ओल आली की ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून मधे रबराची पट्टी किंवा रंगाचा जाड थर हवा. आणि तो तापला की पसरतो. तीन मीटर लांबीचा पत्रा हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत, म्हणजे ४० अंशांच्या फरकाने, पावणेतीन मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोके घट्ट आवळली तर पत्रा मधे उचलला जातो आणि पाय पडला की टकटक वाजतो.

उष्णता अडवणारा थर किती जाड असावा याबद्दल घरगुती बांधणारे जास्त काळजी करतात. ट्रेलरमध्ये ऊन येते ते मुख्यतः छतातून, मग भिंतींतून. सावलीत मातीवर उभ्या ट्रेलरची जमीन ही त्यातली सगळ्यात थंड बाजू असते. पैसे मोजके असतील तर ते आधी छताच्या आतल्या थरावर घालावेत. जमिनीला थर लागतो तो चालत्या ट्रेलरखाली ६० अंशांना पोहोचणाऱ्या डांबराची आच अडवायला, थंडीत अंथरूण गार पडू नये म्हणून, आणि आवाज कमी करायला. त्यासाठी २५ मिलिमीटरचा एक्सपीएस फोम पुरेसा आहे. तो १२ मिलिमीटर प्लायच्या आठ-नऊ पट उष्णता अडवतो, पाणी शोषत नाही, आणि पूर्ण तळाला त्याचे वजन पाच किलोही भरत नाही. साधा पांढरा थर्मोकोल स्वस्त असतो, पण त्याचे दाणे सुटतात आणि दाण्यांच्या मधल्या फटींत पाणी राहते. दोन्ही बाबतीत एक चूक सर्रास होते: सुतारकामाचा पिवळा रबरी गोंद वापरण्याची. त्यातील द्रावक फोमला अक्षरशः विरघळवतो. पीयू गोंद किंवा पाण्याचा पांढरा गोंद वापरावा. फोम पाइपांच्या मधल्या खणांत घट्ट बसवावा, म्हणजे वरचे प्लाय थेट पाइपांवर टेकते आणि जमीन उंच होत नाही. खालून बारीक जाळी हवीच, कारण उंदरांना फोम कुरतडायला आवडतो आणि मुंग्यांना त्यात घर करायला. चाकांच्या मागच्या भागात, जिथे खडी उडते, जाळीऐवजी पातळ पत्रा लावावा.

अंगाला लागणाऱ्या थरासाठी बसमध्ये वापरतात तसली २ मिलिमीटर जाडीची पीव्हीसी मॅट सगळ्यात योग्य. ती मऊ, धुता येणारी, ओल्या पायाला फारशी न घसरणारी असते; अख्ख्या तळाला १७ किलो भरते आणि एका तुकड्यात येते. सांधा नसणे हा तिचा मोठा गुण. बाजारात सतरंजीच्या गुंडाळ्यांशेजारी मिळणारी पातळ, पाठीला फेल्ट असलेली मॅट दिसायला तशीच असते, पण फेल्ट पाणी धरून ठेवतो आणि खाली प्लाय कुजत जाते. मॅट कडेला दीड-दोन इंच भिंतीवर चढवून वर पट्टीने दाबावी, म्हणजे सांडलेले पाणी कोपऱ्यात शिरत नाही. चिकटवण्याचे काम भर उन्हाळ्यात करू नये आणि थंडीच्या पहाटेही नाही. पीव्हीसी ॲल्युमिनियमपेक्षाही जास्त पसरते. टोकाच्या तापमानाला चिकटवलेली मॅट पुढे एकतर फुगते नाहीतर आक्रसून कडा सोडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे कोरडे दिवस या कामाला सर्वांत सोयीचे.

शहरी घरांत लोकप्रिय झालेल्या, एकमेकींत अडकवायच्या दगडी चूर्ण मिसळलेल्या पट्ट्या ट्रेलरला फारशा मानवत नाहीत. त्या जड असतात आणि चासी पिळली की त्यांच्या खाचा तुटतात. लाकडाच्या लगद्याच्या लॅमिनेट पट्ट्या एका पावसाळ्यात फुगतात. गालिचा काळ्या मातीच्या प्रदेशात आणूच नये. वरून घालायला काढता येणारी सतरंजी असतेच. ती उन्हात झटकता येते आणि जमिनीला श्वास घेऊ देते.

काळी माती ट्रेलरच्या जमिनीला आणखी एका प्रकारे त्रास देते. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उभ्या ट्रेलरचे एक चाक खाली जाते, चासी तिरपी पिळते आणि तो पीळ जमिनीच्या सांध्यांत साठत राहतो. दार घासू लागले की जमीन पिळली आहे असे समजावे. मुक्कामाच्या जागी चारही कोपऱ्यांखाली रुंद फळी किंवा फरशी ठेवून मगच जॅक लावावा. फळीचा मातीला लागलेला भाग वाळवीची वाट होतो, म्हणून जास्त दिवस ट्रेलर उभा राहणार असेल तर फळीऐवजी विटा किंवा शहाबादी तुकडे बरे. शहाबादीचा ट्रेलरला होणारा उपयोग एवढाच.

जमिनीत भोके कुठे ठेवायची हेही आधीच ठरवावे लागते. मोरीच्या जागी जमिनीला हलका उतार आणि आरपार नळी हवी. त्याहून महत्त्वाचे भोक गॅसचे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो गळला तर खिडकीतून वर जात नाही, जमिनीवर पसरून कोपऱ्यात साचतो आणि रात्री जमिनीवर झोपलेल्यांच्या नाकाच्या उंचीवर थांबतो. सिलिंडरजवळ, जमिनीच्या सगळ्यात खालच्या पातळीला, तळहाताएवढी जाळीची खिडकी खाली उघडणारी ठेवलीच पाहिजे. पावसाच्या, धुळीच्या किंवा विंचवाच्या भीतीने ती बुजवू नये. बारीक जाळी विंचू अडवते आणि खाली लावलेला वाकडा पत्रा चिखल अडवतो. शेगडीखाली आणि मागे धातूचा पत्रा हवा, कारण पीव्हीसी आणि फोम दोन्ही जळतात आणि त्यांचा धूर विषारी असतो.

बांधणीचा क्रम असा राहतो. पाइपांचा सांगाडा वेल्ड झाल्यावर गंज घासून झिंक प्रायमर आणि रंग, तोही चारही बाजूंना. प्लाय बसल्यावर पाइपाची वरची बाजू पुन्हा कधी दिसत नाही. मग पाइपांवर रबरी किंवा डांबरी पट्टी, खणांत फोम, त्यावर सगळ्या कडा बंद केलेले प्लाय, पीयू सीलंटच्या रेघेवर स्टेनलेस स्क्रू आणि ठरावीक अंतरावर बोल्ट. भिंती उभ्या राहून छत गळत नाही याची पाण्याचा पाइप मारून खात्री झाल्यावरच मॅट चिकटवावी. छताआधी चिकटवलेल्या मॅटखाली पहिल्याच पावसाचे पाणी कोंडते.

१२ मिलिमीटर मरीन प्लाय, २५ मिलिमीटर एक्सपीएस आणि २ मिलिमीटर पीव्हीसी मॅट अशी ही जमीन स्क्रू, सीलंट आणि जाळी धरून ७५ किलोंच्या आसपास भरते. ३ मिलिमीटर पोलादी पत्र्याचा उघडा तळ १३० किलोंचा होतो, आणि त्यावर झोपायला कडबा वेगळा लागतो.